कुंडीतली बाग, नाशिक : नर्सरीत टवटवीत असलेली रोपं घरी आली की माना का टाकतात?

सोनचाफा | २ मे, रात्री १०:१५
नमस्कार मंडळी. सिडकोत तिसऱ्या मजल्यावर राहते. पूर्वेची बाल्कनी आहे, शिवाय गच्चीवर कुंड्या ठेवायला सोसायटीची हरकत नाही (अजून तरी). जास्वंद, मोगरा, गुलाब, कढीपत्ता, एक लिंबू आणि भाजीच्या काही कुंड्या आहेत. रोप आणलं की सुरुवातीला सगळं छान असतं. मग खालची पानं पिवळी पडतात, कळ्या गळतात आणि एक दिवस झाड मान टाकतं. पाणी सकाळ-संध्याकाळ न चुकता घालते. माती सिन्नरकडच्या आमच्या शेतातली, काळीभोर, तिथे गहू-हरभरा उत्तम येतो. तळाशी खडीचा थरही घालते, नर्सरीवाल्यानेच सांगितलं होतं. कोणी म्हणतं खत कमी पडतंय, कोणी म्हणतं बुरशीनाशक ओत. शेजारच्या काकू म्हणतात नजर लागते. नेमकं काय करू?

उगाच_आपलं | २ मे, रात्री १०:३१
काकूंचा मुद्दा खोडता येत नाही. गुलाबाला लिंबू-मिरची बांधून बघा. लिंबू घरचंच आहे म्हणा, जगलं तर.

गोदाकाठ | ३ मे, सकाळी ६:५०
सोनचाफाताई, खत आणि औषध तूर्त बाजूला ठेवा. जे झाड गेल्यातच जमा आहे त्याच्या कुंडीच्या कडेने सुरी फिरवा आणि अख्खा गोळा बाहेर काढा. मातीचा वास घ्या. एखादं मूळ चिमटीत धरून हलकेच ओढा. साल निसटून हातात आली आणि आत नुसता दोरा राहिला तर मूळ कुजलंय. पांढरं, ताठ असेल तर जिवंत आहे. काय दिसलं ते इथे लिहा, मग पुढचं बोलू. पानांकडे बघून निदान करायला गेलं की दहा जण दहा औषधं सांगतात.

सोनचाफा | ३ मे, दुपारी १:२०
जास्वंद काढली. खालची अर्धी माती निळसर काळी पडलीय आणि गटाराचा वास येतोय. खडीच्या वर चिखल तसाच्या तसा, खडीत मात्र पाणी नाही. आणि मधोमध नर्सरीच्या पिशवीतला लाल मातीचा गोळा आहे तसाच बसलाय. तो फोडला तर आतून ठणठणीत कोरडा! भोवती चिखल आणि आत कोरडं, हे कसं काय? गोळ्याबाहेर आलेली थोडी मुळं होती, त्यांची साल तुम्ही म्हणालात तशीच सुटली.

गोदाकाठ | ३ मे, रात्री ८:०५
हेच बघायचं होतं. तुमची माती चांगलीच आहे, पण ती शेतातली. आपली काळी माती बेसॉल्ट झिजून झालेली, तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते. म्हणून तर एप्रिलमध्ये शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शेतात खाली मुरूम असतो, जुन्या मुळांची पोकळी असते, गांडुळांची बिळं असतात, पाण्याला उतरायला वाट असते. दहा-बारा इंचांच्या कुंडीत यातलं काहीच नाही. मातीच्या कणांमधल्या फटी पाण्याने भरल्या की हवा बाहेर जाते. मुळं श्वास घेतात हो, चोवीस तास. हवा तुटली की ती गुदमरतात, मग कुजवणारी बुरशी मागाहून येते. बुरशीनाशक ओतलं तर ते पाण्यातूनच ओतणार, म्हणजे चिखलात भरच.

आणखी एक फसगत होते. मुळं कुजली की झाडाला पाणी ओढता येत नाही, ते सुकल्यासारखं दिसतं. आपल्याला वाटतं तहानलंय, आपण आणखी ओततो.

आता खडी. बारीक मातीने धरून ठेवलेलं पाणी खालच्या जाड खडीत सहज उतरत नाही. वरची माती पुरती तुडुंब झाल्याशिवाय खाली थेंब पडत नाही. म्हणजे दोन इंच खडी घातलीत तर चिखलाचा थर दोन इंच वर सरकला आणि मुळांची तेवढी जागा गेली. पटत नसेल तर भांडी घासायचा स्पंज पाण्यात बुडवा आणि आडवा, सपाट धरा. गळायचं थांबलं की तोच स्पंज उभा धरा. पुन्हा धार लागेल. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली. कुंडीचंही तसंच: तळाशी ठरावीक उंचीचा थर ओला राहणारच, तो मातीवर ठरतो. खोल कुंडीत त्याच्या वर मोकळी माती उरते, उथळ कुंडीत काहीच उरत नाही. तळाच्या भोकावर खापरीचा एक बाकदार तुकडा ठेवा, बास. तोही माती वाहून जाऊ नये म्हणून.

लाल गोळ्याचं म्हणाल तर आपल्या नर्सऱ्यांतली बरीच रोपं बाहेरून येतात, आंध्रात राजमहेंद्रीजवळचं कडियम हे त्याचं मोठं ठिकाण. ट्रकमध्ये गोळा फुटू नये म्हणून माती चिकट आणि दाबून भरलेली असते. असा गोळा एकदा वाळला की आक्रसतो, कडेला फट पडते आणि तुम्ही घातलेलं पाणी त्या फटीतून खाली निघून जातं. लावण्याआधी गोळा बादलीत बुडवायचा, बुडबुडे थांबेपर्यंत. मग बाहेरची माती बोटांनी हलकेच मोकळी करायची, गोल गुंडाळलेली मुळं सोडवायची. पावसाळ्यात-थंडीत निम्मी माती धुतली तरी झाड सोसतं. मे महिन्यात एवढी छेडछाड करू नका.

कढीपत्ता | ३ मे, रात्री ८:४०
वा.खू.सा. (वाचनखूण साठवली). खडीचं ऐकून धक्का बसला. गृहशोभेच्या प्रत्येक सदरात खडी सांगतात.

मातीमोल | ४ मे, सकाळी ११:१०
माझं मत सरळ आहे. मातीच घालू नका. गच्चीवर ड्रममध्ये पालापाचोळा, उसाची चिपाडं, थोडं शेण आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा थराथराने भरायचा, दाबायचा, कुजू द्यायचा. वर चार बोटं तयार खत आणि त्यात रोप. उन्हाळ्यात कुठल्याही रसवंतीवाल्याकडे पोतं घेऊन जा, चिपाडं फुकट देतो, वर आभार मानतो. श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवारात (शेतीत स्वतः प्रयोग करणाऱ्यांचा गट) शहरातल्या गच्चीवर पिकवायचा विचार कितीतरी आधी मांडला गेला. आपल्याकडच्या द्राक्षबागायतदारांच्या जुन्या पिढीला हे नाव वेगळं सांगायला नको.

दिंडोरीकर | ४ मे, दुपारी ३:३०
दाभोळकरांना दंडवतच. आमच्या घरात त्यांच्या नावाने अजून वाद होतात. पण मातीमोलदादा, कच्च्या चिपाडात रोप लावायला सांगू नका. चिपाड म्हणजे नुसता कार्बन. ते कुजवणारे जिवाणू सगळं नत्र आधी स्वतः खातात, रोप पिवळंफटक पडतं. उरलेल्या साखरेवर मुंग्या येतात त्या वेगळ्याच. चिपाड बारीक करून शेणकाल्यात भिजवून, अधूनमधून उलटून, हातात चुरगळेल असं झालं की मग वापरा. आणि नुसत्या पाचोळ्याचा ड्रम चार-सहा महिन्यांत निम्म्यावर बसतो. मेथी-पालकाला चालेल, लिंबाला नाही. झाड दरवर्षी खाली खाली जातं.

मातीमोल | ४ मे, दुपारी ४:०२
कच्चं लावा असं कुठे म्हणालो? कुजू द्यायचा असं स्पष्ट लिहिलंय. लिंबाचं मान्य.

स्लॅबवाला | ४ मे, रात्री ९:५५
वजनाचं कोणीच बोललं नाही म्हणून बोलतो, पोटापाण्याचा विषय आहे. वावर असलेल्या गच्चीसाठी आयएस ८७५ मध्ये (इमारतींवरच्या भाराचं भारतीय मानक) चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन धरतात, म्हणजे साधारण दीडशे किलो. बारा इंची कुंडीत ओली काळी माती भरली की पंचवीस किलोच्या आसपास जाते. चौरस मीटरमध्ये खेटून नऊ कुंड्या बसतात. गुणाकार तुम्हीच करा. तेव्हा मोठे ड्रम गच्चीच्या मधोमध नकोत. खाली बीम किंवा भिंत आहे तिथे, कडेला ओळीने. कुंडी थेट लादीवर नको, विटांवर किंवा लोखंडी स्टँडवर ठेवा, खालून हवा खेळली पाहिजे आणि झाडू फिरला पाहिजे. सोसायटीतली भांडणं वजनावरून होत नाहीत, खालच्या घराच्या छताला ओल आली की होतात. मग ती ओल पाइपाची असली तरी नाव कुंड्यांचं.

बाल्कनीच्या कठड्यावर कुंड्या ठेवणाऱ्यांना तर हात जोडून विनंती: आत ठेवा. वळवाचा वारा सांगून येत नाही.

सोनचाफा | ५ मे, सकाळी ९:००
सगळ्यांचे आभार. मग कुंडीत नेमकं भरू काय? घमेल्याच्या हिशोबात सांगा, टक्केवारी मला जमत नाही.

गोदाकाठ | ५ मे, सकाळी १०:२०
फुलझाडं आणि भाजीसाठी: दोन घमेली लाल किंवा पोयट्याची माती, चाळलेली. दोन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट. एक घमेलं भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा). एक घमेलं भाताचं तूस. त्यात दोन ओंजळी निंबोळी पेंड. काळी मातीच वापरायची असेल तर ती एकच घमेलं आणि तूस दोन. सगळं ओलसर करून कालवा, मुठीत दाबा. मूठ उघडल्यावर गोळा राहिला पाहिजे आणि बोटाने टोचला की फुटला पाहिजे. गोळा झालाच नाही तर कोकोपीट किंवा खत वाढवा, फुटलाच नाही तर तूस.

कुंडी भरून झाली की तांब्याभर पाणी घाला. मिनिटभरात खालच्या भोकातून यायला हवं. वर तळं साचून राहिलं तर रोप लावूच नका, परत कालवा.

तूस का, तर त्यात सिलिका असते, लवकर कुजत नाही, माती बराच काळ मोकळी राहते. घोटी-इगतपुरीकडे भाताच्या गिरण्या आहेत, तिकडे कोणी जाणारं असेल तर पोतं मागवा. कोंडा आणू नका हं, तूस. कोंडा बुरसटतो. तुसात चुकार भाताचे दाणे असतात, ते उगवतील, उपटून टाका.

दिंडोरीकर | ५ मे, दुपारी १२:४५
+१. कोकोपीटबद्दल एक भर. पाच किलोची वीट भिजली की साठ-सत्तर लिटर भरते, म्हणजे चार-पाच कुंड्यांना एकच वीट पुरून उरते. स्वस्त विटांत मीठ असतं, नारळ खाऱ्या पाण्यात कुजवतात ना. दोन-तीनदा भिजवून, पाणी ओतून, पिळून मगच घ्या. आणि कोकोपीटमध्ये खाऊ काहीच नसतं. नुसत्या कोकोपीटमध्ये रोप लावून वाट बघणाऱ्यांची संख्या नाशकात कमी नाही.

चुलीची किंवा होमाची राख कुंडीत टाकू नका. आपली माती आधीच चुनखडीची, सामू (पीएच, आम्ल-अल्क मोजायचं माप) साडेसात ते साडेआठ. राख तो आणखी वर नेते.

सोनचाफा | ५ मे, दुपारी २:१०
आणि पाणी? दोन वेळा सोडून एक वेळ करू का?

गोदाकाठ | ५ मे, दुपारी २:४०
घड्याळ बघून पाणी घालूच नका. बोट मातीत दोन पेरं खोचा. आत ओलं लागलं तर निघून जा, कोरडं लागलं तर भरपूर घाला, खालून वाहीपर्यंत. रोज वाटीभर शिंपडण्याने वरचा थर ओला राहतो आणि क्षार आत साचत जातात. मे महिन्यात गच्चीवरच्या लहान कुंडीला दोनदाही लागेल, त्याच दिवशी बाल्कनीतल्या मोठ्या कुंडीला उद्याही लागणार नाही. मोगऱ्याला वेगळं, कोरफडीला वेगळं. दुपारी पानं मलूल दिसली तरी लगेच धावू नका. संध्याकाळी आपोआप ताठ झाली तर ती उन्हाची होती. पहाटेही मलूल असेल तर मुळाशी गडबड आहे.

कढीपत्ता | ५ मे, रात्री ९:१५
गच्चीवर ऊन चाळिशीत गेलंय. काळ्या ग्रो बॅगला हात लावला तर चटका बसतो.

मातीमोल | ५ मे, रात्री ९:५०
बसणारच. मुळं त्याच भिंतीला चिकटलेली असतात. बॅगांना बाहेरून गोणपाट गुंडाळा, कुंड्या एकमेकींना खेटून ठेवा म्हणजे फक्त बाहेरच्या रांगेला ऊन लागेल. मातीवर वाळक्या पानांचं चार बोटं आच्छादन. पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट मेअखेरपर्यंत, पाऊस स्थिरावला की काढा, नाहीतर भाजी नुसती उंच होते.
बॅग घेताना दोनशेवीस-दोनशेचाळीस जीएसएमची (चौरस मीटरला इतके ग्रॅम, म्हणजे जाड) घ्या. पातळ पिशवी उन्हाने एका मोसमात फाटते. रंगाचे वीस लिटरचे रिकामे डबे त्याहून टिकतात, रंगाऱ्याकडे मिळतात. तळाला तर भोकं पाडाच, बुडापासून बोटभर वर कडेलाही चार पाडा.

अंगणवेडी | २१ जून, संध्याकाळी ६:३०
धागा वर काढतेय. कुंडी उकरताना पांढऱ्या जाड अळ्या निघाल्या. कंपोस्टच्या डब्यातही अळ्या आहेत. सगळ्या मारू?

दिंडोरीकर | २१ जून, रात्री ८:२०
थांबा ताई. कुंडीतली अळी हातात घेऊन बघा (काही करत नाही). इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, दुधाळ, डोकं तपकिरी आणि पुढे सहा पाय असतील तर ती हुमणी. ती मुळं खाते. रोप वरून बरं दिसतं आणि ओढलं की अलगद हातात येतं. कच्चं शेणखत हे तिचं माहेर. भुंगे वळवाचा पाऊस झाला की रात्री कडुनिंबा-बाभळीवर येतात आणि शेणात, मऊ मातीत अंडी घालतात. वेचून मारा, खत पूर्ण कुजलेलंच आणा. कृषी सेवा केंद्रात मेटारायझियम मिळतं, ती अळीला मारणारी बुरशी आहे. ते शेणखतात मिसळून ओलसर ठेवा आणि मग कुंडीत घाला.

कंपोस्टमधल्या अळ्या चपट्या, करड्या, वळवळ्या असतील तर त्या सोल्जर माशीच्या. त्या कचरा फस्त करतात, जिवंत मुळांच्या वाटेला जात नाहीत. राहू द्या. फार झाल्या तर डबा ओला झालाय, वाळका पाचोळा घाला.

अंगणवेडी | २१ जून, रात्री ८:५५
पाय आहेत. सहा. ईऽऽ.

सोनचाफा | ९ जुलै, रात्री १०:००
जास्वंद नवी आणली, सांगितल्याप्रमाणे भरली. फुटवे आले आहेत. पण नवी कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. जुनी पानं हिरवीगार. मोगऱ्याचंही तसंच. यूट्यूबवर तीन उपाय सांगतात: अंड्याची टरफलं, वापरलेली चहापूड, ताक.

गोदाकाठ | १० जुलै, सकाळी ७:१५
जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्र कमी. नवी पडली आणि शिरा हिरव्या राहिल्या तर लोह. लोह मातीत असतं, पण सामू चढा असला की झाडाला उचलता येत नाही. त्यात पावसाने कुंडी सतत चिंब असेल तर आणखी अडतं. आधी कुंडीखालची ताटली काढून टाका (ताटलीतलं पाणी डासांना लागतं, आणि डेंगीच्या दिवसांत महापालिकेची माणसं आली की तुम्हालाही). पाणी कुठलं घालता? बोअरचं असेल तर पावसाचं साठवून घाला. टाकीवर, मातीच्या कुंडीच्या अंगावर पांढरं पुटं धरतं ना, तेच चुन्याचं पाणी कुंडीत साचत असतं. पिण्याच्या फिल्टरचं वाया जाणारं पाणी तर अजिबात नको, त्यात सगळे क्षार एकवटलेले असतात.

टरफलं म्हणजे चुनाच, या मातीत ती वर्षानुवर्षं तशीच सापडतात. चहापूड धुऊन कंपोस्टमध्ये टाका, औषध म्हणून तिचा उपयोग नाही. ताक प्यावं.

दिंडोरीकर | १० जुलै, सकाळी ९:४०
"ताक प्यावं" :)))
ताई, दिंडोरी रोडला कुठल्याही कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह (झाडाला उचलता येईल अशा रूपातलं) मागा, पण पाकिटावर ईडीडीएचए लिहिलेलं बघा. ईडीटीएवालं स्वस्त असतं, पण आपल्या चुनखडीच्या मातीत टिकत नाही, ते फवारायला ठीक. ईडीडीएचए पाण्यात टाकलं की लालभडक रंग येतो, ते मुळाशी ओतायचं, संध्याकाळी. पाकिटावरच्या मात्रेच्या निम्म्यानेच सुरुवात करा. आधीची पिवळी पानं पूर्ण हिरवी होतीलच असं नाही, पुढची बघा.

कढीपत्ता | २ ऑगस्ट, दुपारी ४:१५
जास्वंदीच्या शेंड्याला कापसासारखं पांढरं, आणि मुंग्यांची ये-जा.

मातीमोल | २ ऑगस्ट, दुपारी ४:५०
पिठ्या ढेकूण. द्राक्षवाले मिलीबग म्हणतात. मुंग्या त्याच्या अंगातून पाझरणारा गोड चिकटा खातात आणि बदल्यात त्याची राखण करतात, म्हणून आधी मुंग्यांची वाट तोडा. कुंडीच्या स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा किंवा खोडाला ग्रीसची पट्टी, कागदावर लावून. शेंडा जास्त भरला असेल तर कापून पिशवीत बांधून घंटागाडीत. बाकी ठिकाणी पाण्याचा जोरदार फवारा. मग लिटरभर पाण्यात पाच मिलि निंबोळी तेल आणि भांड्याच्या साबणाचे थेंब, आधी साबण तेलात घोटायचा, नाहीतर तेल वर तरंगतं. संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूने, आठवड्याने पुन्हा. एका फवारणीत कधीच जात नाही.

सोनचाफा | १८ ऑगस्ट, रात्री ९:०५
टोमॅटोबद्दल विचारायचं होतं. उन्हाळ्यात फुलं आली आणि सगळी गळाली.

दिंडोरीकर | १८ ऑगस्ट, रात्री ९:३०
दिवसा पस्तिशीच्या वर आणि रात्रीही उकाडा असला की टोमॅटोचा पराग चालत नाही, फूल गळतं. तुमच्या हातात काही नाही. आत्ता रोप लावा, वीस लिटरच्या डब्यात एकच. फळं ऐन थंडीत येतील. फुलं आली की सकाळी देठाला टिचकी मारा, गच्चीवर वारा असला तर तेही नको. फळाच्या बुडाला काळा चट्टा पडला तर रोग समजून फवारू नका. तो चुन्याचा, म्हणजे कॅल्शियमचा तुटवडा, आणि बहुतेक वेळा कारण एवढंच की पाणी एक दिवस तुडुंब आणि दोन दिवस शून्य.

थंडीत तुळस काळवंडली तर घाबरू नका. निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर यायला लागला की आपल्याही तुळशीला ते कळतं. मंजिऱ्या खुडून कुंडी भिंतीच्या आडोशाला घ्या, पाणी कमी करा. कढीपत्ताही थंडीत झोपतो, त्याला तेव्हा खत घालायला जाऊ नका. मेथी, पालक, कोथिंबीर यांचे मात्र हेच दिवस.

उगाच_आपलं | ३ ऑक्टोबर, रात्री ११:००
इतका धागा झाला आणि नाशिककर असून कोणी द्राक्षाचं नाव काढलं नाही. गेल्या पावसाळ्यात मित्राच्या बागेतून आणलेली थॉमसनची काडी रंगाच्या डब्यात लावलीय, वेल कठड्यापर्यंत गेला. पानं भरपूर, द्राक्ष शून्य.

दिंडोरीकर | ४ ऑक्टोबर, सकाळी ८:३०
वाट बघत होतो कोण विचारतंय. द्राक्षाला आपल्या हवेत दोन छाटण्या लागतात. एप्रिलची खरड छाटणी, काड्या एक-दोन डोळ्यांवर (फुटव्याच्या गाठींवर) आणायच्या. त्यातून नव्या काड्या फुटतात आणि पुढच्या दीड-दोन महिन्यांत, त्या उन्हात, डोळ्यांच्या आत घड तयार होतो. बाहेर काहीच दिसत नाही. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर तोच बाहेर पडतो. म्हणजे आज दिसणारं फळ मे महिन्यातच ठरलेलं असतं. त्या वेळी वेलाला सावली असली, नत्राचा मारा झाला, काड्यांची गर्दी झाली की घड जिरतो, त्याची बाळी (आधाराला गुंडाळणारा तंतू) होते. शेणखत ओतून पानं वाढवणाऱ्यांचं असंच होतं.

तुम्ही या ऑक्टोबरला फळाच्या मागे लागू नका. आधी डबा बदला, किमान शंभर लिटरचा ड्रम, तोही बीमवर (स्लॅबवाले बघतायत). एक खोड सरळ वर न्या, मांडवाच्या उंचीला शेंडा मारा, दोन हात दोन बाजूंना. एप्रिलमध्ये खरड छाटणी करा, नंतर काड्या विरळ ठेवा, प्रत्येक काडीला ऊन लागलं पाहिजे. पुढच्या ऑक्टोबरला पेन्सिलीएवढ्या जाड, तपकिरी झालेल्या काड्या सहा-आठ डोळ्यांवर छाटा. डोळे फुटले की घड दिसतात. चार-पाच ठेवा, बाकी खुडा, जीव होईल पण खुडा. छाटणीपासून फळ हातात यायला चार महिने धरा. ऑक्टोबरात पाऊस आला तर पानाखाली पांढरी बुरशी येईल, तो केवडा, आमच्याकडे डावण्या म्हणतात. पुढे कोरड्या थंडीत पानावर राखाडी भुकटी, ती भुरी. एका वेलासाठी फवारणीचं वेळापत्रक करत बसू नका. वेल मोकळा ठेवा, रोगट पान दिसलं की काढा.

उगाच_आपलं | ४ ऑक्टोबर, सकाळी ९:१०
म्हणजे दीड वर्ष. तोवर पिंपळगावहून पेटी आणतो.

सोनचाफा | २५ ऑक्टोबर, रात्री ८:४५
दिवाळीत आठवडाभर गावाला जाणार. शेजारी कोणी नाही. कुंड्यांचं काय करू?

स्लॅबवाला | २५ ऑक्टोबर, रात्री ९:२०
ड्रिप करा, आपल्याकडे त्याचं सामान गल्लोगल्ली मिळतं. सोळा मिमीची नळी कडेने फिरवा, प्रत्येक कुंडीला बारीक नळी काढून तासाला दोन लिटरचा ड्रिपर. नळावर बॅटरीचा टायमर, पहाटे पंधरा मिनिटं. कुंडीला अर्धा लिटर पडेल, दिवाळीच्या हवेत बारा इंची कुंडीला तेवढं पुरे. मोठ्या ड्रमला दोन ड्रिपर. गाळणी विसरू नका, टाकीतला गाळ ड्रिपर बंद करतो आणि ते तुम्ही परत आल्यावरच कळतं. जाण्याच्या चार दिवस आधी चालू करून रोज बघा.

सोनचाफा | २५ ऑक्टोबर, रात्री ९:३५
गच्चीवर नळाला दाब फारच कमी आहे, टाकी जेमतेम डोक्याएवढ्या उंचीवर. चालेल?

स्लॅबवाला | २५ ऑक्टोबर, रात्री ९:५०
टायमर बॉल व्हॉल्व्हचा घ्या, तो कमी दाबावर चालतो. सोलेनॉइडचा बहुतेक वेळा उघडत नाही. ड्रिपरमधून मात्र ठरल्यापेक्षा कमी पडेल, म्हणून एका ड्रिपरखाली मापाचा पेला ठेवून पंधरा मिनिटांत किती भरतो ते बघा आणि त्यावरून वेळ वाढवा.